पाचवं पोतं

दोंडाईच्याला मिरचीच्या पथारीवर
बाप पोती मोजायचा, पाचापाचांनी.
ऊनो, दूए, त्रे, क्वात्रो.
पाचव्याला बोलायचा नाही.
नुसता हात लावायचा, पुढे जायचा.
हमाल हसायचे. शेठ म्हणायचा,
"लोटन भाऊ, कोनती बी भाषामा मोज,
हिसाब जुळना म्हणजे व्हयनं."
हिशेब जुळायचा.

आई सांगे, फौजेत जाण्याआधी
पथारीजवळून गेला तरी शिंकांनी बेजार व्हायचा.
परत आला तो लाल ढिगात दिवसभर बसू लागला,
डोळ्याला पाणी नाही, नाकाला काही नाही.
कुणी त्याचं कौतुक करी.
आईने कधी केलं नाही.

वाळवंटात धरलं, म्हणायचा.
धरलं म्हणजे कसं,
तर कोंडवाड्यात ढोर घालतात तसं.
मग बोट, मग आगगाडी,
मग इटलीतल्या कुठल्याशा डोंगराखाली तार.
"आपल्या कोंडवाड्याला मालक तरी येतो,
दंड भरतो, ढोर सोडवून नेतो."
एवढंच. तेही वर्षातून एखाद्या जेवणावर,
भरीत झणझणीत जमलं असेल तर.
बाकीचं मला आईकडून मिळालं,
जी तिथे नव्हतीच.

एक कार्ड आलं होतं, अकरा महिन्यांनी.
मी खुशाल आहे. म्हैस विकू नका.
आणि तिसरी ओळ, सबंध काळी.
छावणीतल्या कारकुनाला म्हणे उर्दू येई,
मराठी वाचणाराही कुणी सापडला होता,
अहिराणी कुणाला येणार?
जे कळलं नाही त्यावर त्यांनी शाई ओढली.
आईला तर वाचताच येत नव्हतं.
मास्तरांनी दोन ओळी वाचल्या आणि थांबले.
तिने ते कार्ड चिमणीसमोर धरलं,
पाठीमागून, पुढून, कितीतरी रात्री,
जणू उजेडाला तरी आपली बोली येत असेल.
पुढे मी बापाला विचारलं, काय लिहिलं होतं?
"माले याद नही," म्हणाला,
आणि बिडी उलट्या टोकाने पेटवली.

मोलगीकडचा दामज्या वसावे
रांगेत त्याच्या डाव्या हाताला असायचा. पाचवा.
रात्री बराकीत दामज्या मोहाची फुलं वेचायचा,
तोंडाने, एक एक फूल,
टोपली भरली की झाड बदलायचा.
चौघं गप्प पडून ऐकायचे.
कुणी मध्येच बोललं तर टोपली सांडायची,
पुन्हा पहिल्या झाडापासून.

मग एका हजेरीला रांगेत चारच.
मोजणारा परत टोकाला गेला.
ऊनो, दूए, त्रे, क्वात्रो.
परत टोकाला. बर्फ पडत होतं.
दामज्या बराकीत होता, घोंगडीत, तोंड भिंतीकडे.
चौघांनाही ठाऊक होतं.
चौघांपैकी कुणीच सांगितलं नाही,
सांगितलं असतं तर मोजणी जुळली असती.
बापाच्या पायाची दोन बोटं त्या दिवसाची.

घरी दिवे लागले की तो दारात उभा राहायचा,
हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर.
शेजारी समजायचे वारा खातोय.
वर्षभर आईने पाहिलं, हाका मारल्या,
ताट वाढलं, झाकलं, परत वाढलं.
एका संध्याकाळी पिठाचे हात घेऊन बाहेर आली,
त्याच्या छातीकडे बोट करून म्हणाली, "येक."
तो आत आला. जेवला.
त्यानंतर रोज.
तापात असली तरी अंथरुणातून म्हणायची, "येक."

ती गेली त्या पावसाळ्यानंतर
दारातला माणूस माझ्या वाट्याला आला.
मी म्हटलं, एक.
हलला नाही.
मी म्हटलं, येक, तिच्यासारखं, नाकातून.
नाही.
रात्र झाली. डास. गुरांचा आवाज थांबला.
मला पथारीवरचं आठवत होतं तेवढं म्हटलं,
ऊनो, दूए, त्रे, क्वात्रो,
आणि पुढचा आकडा, जो मी
शाळेतल्या इतिहासाच्या सरांना विचारून घेतला होता:
चिंक्वे.

त्याने डावीकडे पाहिलं.
तिथे पाण्याचा रांजण होता.
रांजणाला हात लावला,
आणि आत आला.